वाचकांचे प्रश्न : अनवाइंडचा ब्रेक आणि वेबचा ताण

या वेळची बहुतेक पत्रं अनवाइंडरबद्दलच आहेत, म्हणजे रोल उलगडत मशीनला फिल्म देणाऱ्या भागाबद्दल. मशीनमधून धावणाऱ्या त्या सलग फिल्मला वेब म्हणतात. म्हणून सगळी उत्तरं एकाच नमुना मशीनवर बेतली आहेत, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतील. २३ मायक्रॉनची पीईटी फिल्म, रुंदी १ मीटर, हवा असलेला ताण १०० न्यूटन, भरलेल्या रोलचा व्यास १००० मिमी, कोअरचा (फिल्म जिच्यावर गुंडाळलेली असते त्या नळीचा) बाहेरचा व्यास ९२ मिमी, वेग मिनिटाला २०० मीटर. तुमचे आकडे वेगळे असतील, हिशोब मात्र हाच.

प्रश्न : पावडर ब्रेकचा नॉब पूर्ण रोलवर नीट लावून घेतो. रोल निम्मा झाला की फिल्म ताणली जाते आणि कोअरजवळ तुटते. ब्रेक खराब आहे का?

ब्रेक बहुधा ठणठणीत आहे. पावडर ब्रेकमध्ये कॉइलच्या करंटने आतली चुंबकीय पावडर घट्ट होते आणि रोलच्या फिरण्याला अडवते. हे अडवणारं वळणबल म्हणजे टॉर्क. नॉब टॉर्क ठरवतो, ताण नाही. ताण म्हणजे टॉर्क भागिले रोलची त्रिज्या. भरलेल्या रोलवर १०० न्यूटनसाठी १०० × ०.५ = ५० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. नॉबला हात न लावता रोल ५०० मिमीवर आला की त्याच टॉर्कने ताण २०० न्यूटन होतो. कोअरजवळ तो ५० ÷ ०.०४६, म्हणजे हजार न्यूटनच्या वर जातो. फिल्म तुटली नाही तरच नवल. कोअरवर खरी गरज ४.६ न्यूटन-मीटरची आहे, म्हणजे सुरुवातीच्या साधारण अकराव्या हिश्श्याची.

ऑपरेटर नॉब हळूहळू कमी करत नेतो, तो हाच हिशोब अंदाजाने करत असतो. ते काम त्याच्याकडून काढून घ्यायचं तर सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे रोलचा व्यास मोजणारा अल्ट्रासोनिक सेन्सर. त्या व्यासावरून कंट्रोलर ब्रेकचा टॉर्क आपोआप कमी करत नेतो. तो रोलच्या मध्यरेषेकडे काटकोनात रोखलेला हवा. थोडा जरी तिरका असला तरी चकचकीत फिल्मवरून प्रतिध्वनी भलतीकडे जातो. प्रत्येक सेन्सरपुढे काही अंतर आंधळं असतं. भरलेला रोल त्या पट्ट्यात शिरणार नाही एवढा सेन्सर मागे बसवा. मग रिकामा कोअर आणि भरलेला रोल अशा दोन ठिकाणी प्रत्यक्ष टेपने व्यास मोजून कंट्रोलरमध्ये भरा. एकच बिंदू भरून दुसरा अंदाजाने टाकला की चूक नेमकी कोअरजवळ दिसते, आणि तिथेच ती सगळ्यात महाग पडते.

प्रश्न : पुढे अडचण नको म्हणून ५० ऐवजी २०० न्यूटन-मीटरचा पावडर ब्रेक घेतला. आता रोलच्या शेवटी टेन्शन कमीच होत नाही, कंट्रोलर शून्य दाखवतो तरी फिल्म ताठ राहते.

मोठा ब्रेक घेतला की निश्चिंत, हा समज अनवाइंडवर उलटतो. पावडर ब्रेकचा करंट पूर्ण बंद केला तरी आतल्या पावडरचा आणि सीलचा थोडा टॉर्क उरतोच. तो रेटिंगच्या ३ टक्के धरला तर तुमच्या ब्रेकवर ६ न्यूटन-मीटर होतो. कोअरच्या ४६ मिमी त्रिज्येवर त्याचा ताण १३० न्यूटन. तुम्हाला हवेत १००. कंट्रोलरच्या हातात काहीच उरलेलं नाही.

१०० न्यूटन-मीटरच्या ब्रेकवर हाच उरलेला टॉर्क ३ न्यूटन-मीटर, म्हणजे ६५ न्यूटन. जमेल, पण ऐसपैस नाही. त्यात शाफ्टचं जाम बेअरिंग किंवा गरजेपेक्षा घट्ट बेल्ट आला की पुन्हा तीच रड. म्हणून ब्रेक बदलण्याआधी त्याचं कपलिंग सोडून शाफ्टवर रिकामा कोअर चढवा, त्यावर दोरी गुंडाळा आणि स्प्रिंग बॅलन्सने सावकाश ओढून पाहा. जे वजन दिसेल ते मशीनचं स्वतःचं घर्षण. त्यावर ब्रेकचा उरलेला टॉर्क चढणार. कोअरवर यापेक्षा कमी ताण तुम्हाला कधीच मिळणार नाही, कंट्रोलर कितीही महागडा आणा.

निवडताना उष्णताही तपासा. ब्रेकमध्ये मुरणारी ताकद म्हणजे ताण गुणिले वेबचा वेग : १०० × ३.३३ = ३३३ वॅट. व्यास कितीही असो, ही उष्णता सारखीच राहते, कारण टॉर्क कमी होतो तसे फेरे वाढतात. भरलेल्या रोलवर मिनिटाला साधारण ६४ फेरे, कोअरवर ६९० च्या आसपास. कॅटलॉगमधला सतत चालण्याचा वॅटचा आकडा यापेक्षा चांगला वर हवा. तोच आकडा पंख्यासह आणि पंख्याशिवाय वेगळा दिलेला असतो, हे नजरेतून सुटतं.

प्रश्न : लोड सेल (रोलरवर येणारं बल मोजणारे सेन्सर) बसवले, पण डिस्प्लेवरचा आकडा खरा ताण दाखवतो यावर विश्वास बसत नाही. घरच्या घरी कॅलिब्रेशन कसं करावं?

दोरी आणि वजन. याहून चांगली पद्धत नाही, आणि कारखान्याहून आलेल्या सर्टिफिकेटवर भिस्त ठेवण्यापेक्षा ही केव्हाही बरी. सर्टिफिकेट सेलचं असतं, तुमच्या मशीनवरच्या वेबच्या कोनाचं नव्हे.

आधी कोन पाहा. लोड सेलवर येणारं बल म्हणजे २ × ताण × रोलरवरच्या वळशाच्या निम्म्या कोनाचा साइन. वळसा १८० अंशांचा असेल तर ताणाच्या दुप्पट, ९० अंशांचा असेल तर १.४१ पट, ६० ला बरोबर ताणाइतकं आणि ३० अंशांना जेमतेम निम्मं. ३० अंशांच्या वळशावर सेल बसवून तक्रार करणारे बरेच भेटतात. शिवाय लोड सेलचा रोलर अनवाइंड रोलच्या लगेच पुढे असेल, तर रोल बारीक होत जातो तसा वेबचा कोन बदलत जातो आणि ताण तोच असूनही आकडा सरकतो. मधे एक स्थिर गाईड रोलर टाकला की हा घोळ संपतो.

आता कॅलिब्रेशन. वेब काढून टाका, रोलर मोकळा असताना शून्य करा. रोलरचं वजन इथे वजा होतं. एक न ताणणारी, पातळ दोरी वेबच्या नेमक्या मार्गाने, रोलरच्या बरोबर मध्यावरून घाला. कडेवरून घातली तर एका बाजूच्या सेलवर जास्त भार येतो. दोरीचं एक टोक मशीनच्या स्थिर भागाला बांधा, दुसऱ्याला १० किलोचं तपासलेलं वजन मोकळं लोंबकळू द्या. १० किलो म्हणजे ९८.१ न्यूटन, डिस्प्ले न्यूटनमध्ये असेल तर १०० नव्हे, ९८ भरा. वजन आणि लोड सेल यांच्यामध्ये एकापेक्षा जास्त गाईड रोलर येऊ देऊ नका, कारण प्रत्येक जड बेअरिंग थोडा भार खातं. वजन हाताने किंचित उचलून सोडा, रोलर हलके मागेपुढे फिरवा, आकडा बसू द्या आणि मग स्पॅन लावा, म्हणजे डिस्प्लेवर ९८ येईल असं जुळवा. शेवटी ५ किलो टांगून पाहा : ४९ च्या आसपास आलं पाहिजे. दहा बरोबर आणि पाच चुकीचं येत असेल तर शून्य हललेलं आहे किंवा सेल कुठेतरी अडकतो आहे. रोलरचा शाफ्ट दोन्ही टोकांना घट्ट आवळलेला असणं हे त्याचं नेहमीचं कारण. एक टोक लांबीच्या दिशेने सरकायला मोकळं हवं.

सेलची क्षमता फार मोठी घेऊ नका. ९० अंशांच्या वळशावर १०० न्यूटनसाठी प्रत्येक सेलवर ७० न्यूटन येतात. त्यात ८ किलोच्या रोलरचे दर सेलला ३९ न्यूटन धरा. २०० न्यूटनचे सेल इथे योग्य. १००० न्यूटनच्या सेलवर खरा सिग्नल तळाशी राहतो. २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टच्या सेलला १० व्होल्ट दिले की पूर्ण भाराला फक्त २० मिलिव्होल्ट मिळतात. ती वायर ड्राइव्हच्या मोटर केबलसोबत एकाच ट्रेमधून नेली तर आकडा नाचणारच. शील्ड एकाच टोकाला अर्थ करा.

प्रश्न : ताण ठरावीक अंतराने कमी-जास्त होतो. पीआयडीचे (कंट्रोलर ताणातली चूक ज्या हिशोबाने सुधारतो त्याचे) आकडे बदलून थकलो.

पीआयडीला हात लावण्याआधी हे नेमकं कोण करतंय ते शोधा. रोलच्या कडेला खडूने एक खूण करा आणि ताणाच्या लाटेकडे पाहत फेरे मोजा. प्रत्येक फेऱ्याला एक लाट येत असेल तर रोल गोल नाही, नाहीतर एअर शाफ्टवर (हवेने फुगून कोअर पकडणाऱ्या शाफ्टवर) कोअर मधोमध पकडलेला नाही. जमिनीवर आडवा ठेवलेला रोल एका बाजूने चपटा होतो, आणि ते कुठल्याही सेटिंगने जाणार नाही. ८०० मिमीच्या रोलला या वेगात दर ०.७५ सेकंदाला लाट दिसेल, आणि रोल बारीक होईल तशी ती भरभर होत जाईल. लाटेचा वेग व्यासाबरोबर बदलत नाही, फक्त लाइनच्या वेगाबरोबर बदलतो, तर दोषी एखादा गाईड रोलर. १०० मिमीचा रोलर २०० मीटरला सेकंदात साधारण साडेदहा फेरे घेतो. आणि लाइनचा वेग निम्मा करूनही लाट तितक्याच सेकंदांनी येते, तेव्हाच शंका पीआयडीवर घ्या.

तिथे बहुतेक वेळा गोष्ट अशी असते : ट्यूनिंग भरलेल्या रोलवर केलं, आणि कोअरजवळ हंटिंग, म्हणजे ताणाचं सतत वर-खाली होणं, सुरू झालं. टॉर्क तेवढाच बदलला तरी कोअरवर ताण अकरा पट जास्त हलतो, त्यामुळे भरलेल्या रोलला सोसणारा गेन (चुकीला कंट्रोलर किती जोरात उत्तर देतो ते) तिथे अतिरेकी ठरतो. व्यासाप्रमाणे गेन कमी करण्याची सोय कंट्रोलरमध्ये असेल तर ती आधी चालू करा. नसेल तर ट्यूनिंग छोट्या रोलवर करा आणि भरलेल्या रोलवरचा थोडा आळस खपवून घ्या.

पद्धत अशी. पी म्हणजे आत्ताच्या चुकीला, आय म्हणजे साचत गेलेल्या चुकीला आणि डी म्हणजे चूक बदलण्याच्या वेगाला दिलेलं उत्तर. डी शून्य. लोड सेलच्या कुरकुरत्या सिग्नलवर डी म्हणजे आगीत तेल. आयचा वेळ मोठा, १० सेकंदांच्या आसपास. सेटपॉइंट (हवा असलेला ताण) १० टक्क्यांनी वर-खाली करत पी वाढवा. लाट थांबेनाशी झाली की तो पी निम्मा करा. मग आयचा वेळ हळूहळू कमी करा. सेटपॉइंट बदलल्यावर ताण एकदाच किंचित पुढे जाऊन बसला की थांबा. डिस्प्लेवरचा आकडा शांत दिसावा म्हणून सिग्नलचा फिल्टर दोन-तीन सेकंदांचा करून ठेवणं ही फसवणूक आहे. लूप उशिरा जागा होतो आणि हंटिंग वाढतं. आकडा शांत हवा तर फक्त डिस्प्लेचा फिल्टर वाढवा.

प्रश्न : चालू लाइनवर सगळं छान. मशीन सुरू करताना फिल्म तुटते, थांबवताना रोल पुढे पळून फिल्म सैल पडते.

ब्रेक फक्त मागे धरतो, पुढे ढकलू शकत नाही. सुरू करताना रोलला वेग देण्याचं काम वेबलाच करावं लागतं. भरीव रोलसाठी हिशोब सोपा आहे : वेबवर येणारा जडत्वाचा ताण म्हणजे रोलचं निम्मं वजन किलोमध्ये, गुणिले त्वरण. नमुना रोल साधारण ११०० किलोचा. १० सेकंदांत २०० मीटरचा वेग गाठायचा तर त्वरण ०.३३३, आणि ताण ५५० × ०.३३३ = १८३ न्यूटन. सेटपॉइंट १०० चा. ब्रेक पूर्ण सोडला तरी ८३ न्यूटन जास्तच. रॅम्प (वेग वाढवायला दिलेला वेळ) ३० सेकंदांचा केला की जडत्वाचे ६१ न्यूटन होतात आणि उरलेले ३९ ब्रेक सांभाळतो. म्हणजे दुरुस्ती ब्रेकमध्ये नाही, ड्राइव्हच्या रॅम्पमध्ये आहे.

थांबताना उलट. १० सेकंदांत थांबायचं तर ब्रेकला (१०० + १८३) × ०.५, साधारण १४२ न्यूटन-मीटर द्यावे लागतात. १०० न्यूटन-मीटरच्या ब्रेकने भरलेला रोल फिल्म ताठ ठेवून १८ सेकंदांच्या आत थांबणार नाही, म्हणून रॅम्प २० ते २५ सेकंदांचा ठेवा. आपत्कालीन थांब्यासाठी ताणाचा ब्रेकच मोठा करू नका, नाहीतर वरच्या प्रश्नातल्या २०० न्यूटन-मीटरच्या चक्रात अडकाल. त्यासाठी वेगळा डिस्क कॅलिपर (शाफ्टवरच्या चकतीला पॅडने पकडणारा ब्रेक) लावा.

आणखी एक कारण हमखास निघतं. लाइन थांबलेली, वेब थोडी सैल, ताण शून्याजवळ. कंट्रोलरचा आय भाग बिचारा ब्रेक वाढवत वाढवत शंभर टक्क्यांवर नेऊन ठेवतो. स्टार्ट दाबला की पहिल्याच झटक्याला फिल्म तुटते. लाइनच्या रन सिग्नलने कंट्रोलरला होल्डवर टाका, थांबल्यावर ठरलेला स्थिर टॉर्क द्या, आणि सुरू होताना व्यासावरून काढलेल्या टॉर्कपासून लूप सुरू करा. वारंवार थांबणाऱ्या मशीनवर मी लोड सेलपेक्षा डान्सर (वेबच्या वळशात बसलेला, मागेपुढे हलू शकणारा रोलर) पसंत करेन. असे झटके तो स्वतः हलून पचवतो. १८० अंशांच्या वळशावर डान्सरचं बल ताणाच्या दुप्पट, म्हणजे इथे २०० न्यूटन. ताण सिलिंडरच्या हवेच्या दाबाने ठरतो, पीआयडी फक्त डान्सरला मधोमध ठेवतो. त्यामुळे सिलिंडर कमी घर्षणाचाच घ्या.

प्रश्न : हवेवरच्या डिस्क ब्रेकला चार कॅलिपर आहेत. छोट्या रोलवर ताण झटके देतो.

तीन कॅलिपरचे कॉक बंद करा. चारही मिळून ४ बारला ५० न्यूटन-मीटर देत असतील तर कोअरवर जेमतेम ०.३७ बार लागतो. एवढ्या दाबाला पिस्टनची सील धड हलत नाही, पॅड धरतं आणि सोडतं. एकाच कॅलिपरवर तेच काम दीड बारला होतं. लुब्रिकेटरची तेलकट हवा या लाइनला देऊ नका. पॅडवर तेल मुरलं की पॅड फेकायचंच.

प्रश्न : पावडर ब्रेक सकाळी बरोबर असतो, दोन तासांनी ताण उतरतो. लोड सेल नाहीत.

ब्रेकला स्थिर व्होल्टेजचा पुरवठा असणार. कॉइल ६० अंशांनी तापली की तांब्याचा रोध सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो. त्याच २४ व्होल्टला करंट जवळपास पाचव्या हिश्श्याने घटतो आणि टॉर्कही. स्थिर करंट देणारा पुरवठा लावा. आधी खात्री करायची तर कॉइलच्या मालिकेत अँमीटर टाकून थंड आणि गरम वाचन ताडून पाहा. करंट तोच आणि ताण मात्र कमी, असं निघालं तर पावडर संपत आली आहे. सीलपाशी तांबूस धूळ दिसेल. नवी पावडर उत्पादकाने दिलेल्या ग्रॅममध्येच भरा, आणि नंतर रोल न लावता, कमी करंटवर ब्रेक चालू-बंद करत थोडा वेळ फिरवा, म्हणजे ती फटीत सारखी पसरेल.