कापलं तरी मूळ क्लिप शाबूत राहते

व्हिडिओ एडिटिंगवर आलेली पत्रं वाचली तर प्रश्न वेगवेगळे वाटतात पण बहुतेकांची गाडी टाइमलाइनपाशीच, म्हणजे क्लिप क्रमाने लावायच्या खालच्या पट्टीपाशीच अडलीय, म्हणून या वेळी तेवढंच घेते. उत्तरं केडेनलाइव्ह हे एडिटिंग सॉफ्टवेअर धरून देतेय कारण ते पूर्ण फुकट आहे, २००२ पासून चालू असलेला प्रकल्प आहे, विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हीवर चालतं, आणि पत्र लिहिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे तेच आहे. डाविंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जिथे वेगळं आहे तिथे सांगेन.

प्रश्न : ताई, आईचं सहस्रचंद्रदर्शन झालं. माझ्या आणि भाच्याच्या मोबाईलमध्ये मिळून साठ-सत्तर क्लिप आहेत, काही दोन-चार सेकंदांच्या आणि होमाची एक तर अर्ध्या तासाची. सॉफ्टवेअर घेतलं, सगळ्या क्लिप खाली टाइमलाइनवर ओढल्या, आता पुढे काय ते कळेना. कापायला हात धजत नाही, मूळ व्हिडिओ खराब झाला तर? हा सोहळा काही परत शूट करता येणार नाही.
— एक निवृत्त शिक्षक, मिरज

उत्तर : सर, आधी ती भीती काढून टाका. टाइमलाइनवर तुमचा व्हिडिओ नसतोच. तिथे फक्त नोंद असते, की अमुक फाइल घे, तिच्यातला १२ व्या सेकंदापासून २० व्या सेकंदापर्यंतचा भाग इथे दाखव, मग पुढची फाइल. कार्याच्या आचाऱ्याला आपण यादी देतो ना तसं, यादीवर काट मारली म्हणून कोठीतलं धान्य कमी होत नाही. तुम्ही टाइमलाइनवर क्लिपचे शंभर तुकडे करा, पुसा, उलटे लावा, फोल्डरमधली फाइल होती तशीच राहते. धोका एकच, ती फाइल तुम्ही स्वतः फोल्डरमधून उडवलीत तर.

आता सरळ नवा प्रोजेक्ट घ्या, ओढलेलं सगळं राहू द्या तिकडेच. पण त्याआधी दोन्ही मोबाईलमधल्या क्लिप केबल लावून कॉम्प्युटरवर एकाच फोल्डरमध्ये कॉपी करा. भाच्याला व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगू नका, तिथे नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान होतो आणि गेलेली क्वालिटी परत येत नाही. पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवू दे, तशी २ जीबीपर्यंतची फाइल जाते. फोल्डर तयार झाला की त्या क्लिप प्रोजेक्ट बिनमध्ये टाका. बिन म्हणजे वरच्या कोपऱ्यातली ती यादी, तिथे कितीही क्लिप असू द्या काही बिघडत नाही. पहिली क्लिप टाकताना प्रोजेक्टची सेटिंग या क्लिपप्रमाणे बदलू का असं तो विचारेल, तुमच्या बहुतेक क्लिप तशाच असतील तर हो म्हणा.

यानंतर सगळे जे करतात ते करू नका, म्हणजे अख्ख्या क्लिप खाली ओढून मग एकेक कापत बसणं. आधी वरच निवडायचं. बिनमधली क्लिप डबल क्लिक केली की क्लिप मॉनिटरमध्ये उघडते, ती बघा, कामाचा भाग सुरू होतो तिथे कीबोर्डवर आय दाबा, संपतो तिथे ओ दाबा, आणि मग व्ही दाबा, तेवढाच तुकडा टाइमलाइनवर जिथे उभी रेघ आहे तिथे जाऊन बसतो आणि पुढे काही असेल तर ते उजवीकडे सरकतं. व्हीच्या ऐवजी बी दाबलं तर तो पुढच्यावर चढून बसतो, ते सुरुवातीला नकोच. रिझॉल्व्हमध्ये हीच कामं एफ९ आणि एफ१० करतात.

पण कुठले तुकडे आधी? माझं मत स्पष्ट आहे, आधी आवाज. घरच्या समारंभाच्या व्हिडिओत लोकांना चित्र हललेलं चालतं, पण मंत्र मध्येच तुटला, आई बोलत असताना वाक्य अर्ध्यात गेलं, की बघणारा वैतागतो. म्हणून होमाच्या त्या अर्ध्या तासातला दोनेक मिनिटांचा सलग भाग निवडा जिथे गुरुजींचा आवाज नीट आलाय, मग ओवाळताना बायकांनी म्हटलेलं गाणं असेल तर ते अख्खं, मग आईचं बोलणं. हे तीन-चार मोठे तुकडे क्रमाने टाइमलाइनच्या व्ही१ ट्रॅकवर, म्हणजे चित्राच्या सगळ्यात खालच्या ओळीवर लावा, त्यांचा आवाज आपोआप ए१ या आवाजाच्या ओळीवर येतो. आता प्ले करून डोळे मिटून ऐका, ऐकायला धड लागलं तर अर्धं काम झालं समजा.

मग वर या. व्ही२ ट्रॅकवर जे ठेवाल ते खालच्या चित्राला झाकतं, आवाज मात्र खालचा चालूच राहतो. म्हणजे गुरुजींचे मंत्र सलग वाजतायत आणि वर नातवाचा चेहरा, तुपाची धार, आईचे जोडलेले हात असे तीन-तीन चार-चार सेकंदांचे तुकडे येतायत. तुमच्या त्या दोन सेकंदांच्या क्लिप, ज्या निरुपयोगी वाटत असतील, त्या इथेच कामी येतात. क्लिप मॉनिटरच्या खाली फिल्मचं आणि आवाजाचं अशी दोन छोटी चिन्हं असतात, फिल्मचं चिन्ह धरून ओढलं तर फक्त चित्र येतं, त्यामुळे वरच्या क्लिपमधली गडबड मंत्रात मिसळत नाही. जुने फोटो टाकायचे असतील तर तेही इथेच, प्रत्येक फोटो आपोआप ५ सेकंदांचा येतो, कडा धरून कमी-जास्त करा.

कापायचं असेल तर रेघ हव्या त्या जागी आणून शिफ्ट आर. एक्स दाबलं की माऊसची कात्री होते, काम झालं की एस दाबून परत साधा बाण करा, नाहीतर पुढचा प्रत्येक क्लिक म्हणजे एक काप (हा त्रास इतक्या जणांनी लिहून कळवलाय की वेगळं पत्र छापत नाही). तुकडा डिलीट केला की तिथे रिकामी जागा राहते, त्या जागेवर राइट क्लिक करून रिमूव्ह स्पेस निवडा. रिझॉल्व्हमध्ये बॅकस्पेसने रिकामी जागा राहते, डिलीटने मागचं सरकून जागा बुजते.

दोन क्लिपच्या सांध्यावर फिरणारी, फुटणारी, घडी पडणारी ट्रान्झिशन्स कृपया टाकू नका. सुरुवातीला आणि शेवटी हळू उजेड, हळू अंधार, आणि एका प्रसंगातून दुसऱ्यात जाताना एखादं डिझॉल्व्ह (एक चित्र विरत दुसरं उमटतं ते), ८१ वर्षांच्या बाईच्या सोहळ्याला एवढं पुष्कळ झालं. आवाजाचा मीटर शून्याला लागू देऊ नका, बोलणं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये खेळत राहिलं की बास. शेवटी रेंडर, एमपी४ निवडा. तेव्हा कुठे तो त्या नोंदी वाचून, मूळ फाइलींमधून घेऊन, एक नवी वेगळी फाइल बनवतो.

प्रश्न : आमच्या गावच्या जत्रेत दशावतार झाला तो दोन मोबाईल स्टँडवर लावून शूट केला आणि पेटी-पखवाज नीट यावा म्हणून आवाजाचा रेकॉर्डर वेगळा ठेवला. टाइमलाइनवर सुरुवात अगदी बरोबर जुळवली, संकासुराची एंट्री झकास, पण तासाभराने तोंड एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. माझं काय चुकतंय?
— कुडाळहून एक वाचक

उत्तर : जुळवण्यात तुमचं काही चुकलेलं नाही, मोबाईल सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० चित्रं, म्हणतो खरा पण पाळत नाही. उजेड कमी झाला, फोन तापला की कधी २९, कधी २६ असं करत तो चालतो, आणि एडिटिंग सॉफ्टवेअर मात्र फ्रेम ठरलेल्या वेगाने येतायत असं धरून नोंद ठेवतं. शिवाय दोन यंत्रांची घड्याळं अगदी सारखी कधीच नसतात, हजारात एक एवढा जरी फरक असला तरी तासाला साडेतीन सेकंदांच्या वर जातो, आणि दशावतार तर रात्रभर चालणार.

इलाज असा. बिनमधल्या मोबाईलच्या क्लिप आधी ठराविक फ्रेम रेटच्या करून घ्या. केडेनलाइव्ह अशी क्लिप ओळखून एडिटला सोयीच्या फॉरमॅटमध्ये बदलू का असं स्वतःच विचारतो, तेव्हा घाईघाईत नाही म्हणू नका, वेळ लागेल आणि डिस्कवर जागा भरपूर खाईल, खाऊ दे. हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्येही कॉन्स्टंट फ्रेमरेट निवडून हेच होतं. मग रेकॉर्डरच्या आवाजावर राइट क्लिक करून सेट ऑडिओ रेफरन्स, आणि मोबाईलच्या क्लिपवर अलाइन ऑडिओ टू रेफरन्स, तो दोन्हीकडचे आवाज ताडून क्लिप सरकवून देतो.

तरीही थोडं सरकेलच, त्यासाठी पात्र आत गेलं, नुसती पेटी वाजतेय अशा जागा शोधून तिथे मोबाईलची क्लिप कापा आणि पुढचा भाग परत जुळवा. रेकॉर्डरच्या आवाजाला अजिबात हात लावायचा नाही, त्या ट्रॅकला कुलूप लावून ठेवा आणि चित्रच आवाजामागे न्या, कारण चित्रातला काप दुसऱ्या मोबाईलचं दृश्य टाकून झाकता येतो, पखवाजाच्या ठेक्यात पडलेला काप कोणालाही ऐकू जातो. पुढच्या जत्रेला दोन्ही मोबाईल आणि रेकॉर्डर चालू झाल्यावर कोणाला तरी रंगमंचावर एक खणखणीत टाळी वाजवायला सांगा, तिन्हीकडे ती मिळाली की जुळवणी दोन मिनिटांची.

प्रश्न : मॅडम, घरी अर्धा प्रोजेक्ट केला, पेन ड्राइव्हवर प्रोजेक्टची फाइल घेऊन कॉलेजच्या लॅबमध्ये उघडली तर सगळ्या क्लिप गायब!! फाइल काही केबीचीच आहे, करप्ट झाली का?
— विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : करप्ट नाही झाली, ती असतेच तेवढी. वर मिरजेच्या सरांना लिहिलंय ते वाच, त्या फाइलमध्ये फक्त नोंदी आणि क्लिप कुठल्या फोल्डरमध्ये आहेत त्याचे पत्ते आहेत, व्हिडिओ तुझ्या घरच्या कॉम्प्युटरवरच राहिले. घरी जाऊन प्रोजेक्ट मेनूतलं अर्काइव्ह प्रोजेक्ट वापर, सगळ्या क्लिपसकट एक फोल्डर तयार होतो तो अख्खा उचलून आण. आणि क्लिप आणल्यावरही तो सापडत नाही म्हणाला तर न घाबरता त्याने दाखवलेल्या यादीतून नवा फोल्डर शोधून दे. रिझॉल्व्हमध्ये अशा वेळी लाल रंगात मीडिया ऑफलाइन दिसतं, तिथे रीलिंक करायचं.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असतो, भावाच्या पुण्यातल्या लग्नाचं फुटेज मिळालंय. फोटोग्राफरचं २५ फ्रेमचं, माझ्या फोनवरचं ३० चं, त्यातही निम्मं उभं. एकत्र केलं की कॅमेरा फिरतो तिथे चित्र धक्के खातं. आणि लॅपटॉप जुना आहे, टाइमलाइन अडकत चालते.

उत्तर : टाइमलाइनला वेग एकच असतो. २५ ची क्लिप ३० च्या टाइमलाइनवर ठेवली की दर पाच फ्रेममागे एक परत दाखवावी लागते, ३० ची २५ वर ठेवली तर दर सहातली एक गाळावी लागते, धक्के त्याचेच. दोन्हीकडून सुटका नाही, मग ज्याचं फुटेज जास्त आणि महत्त्वाचं त्याचा वेग घ्या, म्हणजे बहुतेक फोटोग्राफरचे २५, आणि फोनच्या क्लिपमधले जिथे फोन स्थिर आहे तेच तुकडे वापरा, स्थिर चित्रात गाळलेली फ्रेम फारशी कळत नाही. हे क्लिप टाकायच्या आधी ठरवा, रिझॉल्व्हमध्ये तर टाइमलाइनवर क्लिप आल्या की वेग बदलताच येत नाही.

उभ्या क्लिपच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात, त्यावर पिलर इको नावाचा इफेक्ट टाका, त्याच चित्राची धूसर प्रत बाजूला भरली जाते. अक्षता पडतायत अशा क्लिपला झूम करून आडवी करू नका, डोकी जातात.

लॅपटॉपसाठी प्रोजेक्ट सेटिंगमध्ये प्रॉक्सी क्लिप चालू करा. तो प्रत्येक क्लिपची हलकी नक्कल करून कामापुरती ती दाखवतो आणि रेंडर करताना मूळ फाइल घेतो, तेव्हा काम करताना चित्र थोडं पुसट दिसलं तरी फोटोग्राफरला फोन लावू नका.