‘लँड स्पेक्युलेटर’ला मराठीत काय म्हणावे? जॉर्ज क्रोगनच्या निमित्ताने

अठराव्या शतकात उत्तर अमेरिकेत वावरलेल्या जॉर्ज क्रोगन याचे अल्पचरित्र मराठीत आणताना एका वाचकाचे दोन शब्दांपाशी अडले आहे. मूळ मजकूर क्रोगनला ‘फ्रंटिअर ट्रेडर’ आणि ‘लँड स्पेक्युलेटर’ म्हणतो. पहिल्यासाठी त्यांनी ‘सीमाभागातील व्यापारी’ असे योजले आहे आणि दुसऱ्यासाठी ‘जमीनदार’, ‘भूखंडांचा दलाल’ व ‘भूमाफिया’ यांपैकी काय घ्यावे, असे विचारले आहे. माझे उत्तर असे की, यांपैकी कोणताही शब्द घेऊ नये. कारण समजण्यासाठी क्रोगन नेमके काय करत होता, हे पाहावे लागते.

क्रोगन १७४१ साली आयर्लंडहून पेनसिल्व्हेनियात आला आणि काही वर्षांतच ओहायो नदीच्या खोऱ्यातील इंग्रज व्यापाऱ्यांमध्ये अग्रगण्य ठरला. फिलाडेल्फियाच्या पेढ्यांकडून कापड, बंदुका, दारूगोळा, किटल्या, रम असा माल उधारीवर घ्यायचा, तो घोड्यांच्या पाठीवर लादून डोंगरांपलीकडे न्यायचा, तिथल्या लेनापे, शॉनी, मायामी या मूळ रहिवाशांना द्यायचा आणि त्यांनी शिकार करून आणलेली हरणांची व इतर प्राण्यांची कातडी घेऊन परतायचे, असा हा धंदा होता. बराचसा माल पुढच्या मोसमाच्या भरवशावर दिला जाई. त्यामुळे या व्यवहाराला विश्वास, भाषा आणि नातेसंबंध यांचा आधार लागे. क्रोगनला तिथल्या भाषा येत होत्या आणि मोहॉक या मूळ राष्ट्रातील स्त्रीपासून त्याला झालेली मुलगी पुढे प्रसिद्ध मोहॉक नेता जोसेफ ब्रँट याची पत्नी झाली.

‘सीमाभाग’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर बेळगाव, निपाणी, कारवार उभे राहते, म्हणजे दोन राज्यांमध्ये आखलेली रेषा आणि तिच्याविषयीचा वाद. क्रोगनच्या काळातील ओहायो खोऱ्यात अशी रेषा नव्हती. इंग्रज, फ्रेंच आणि तिथली मूळ राष्ट्रे या सर्वांचा वावर आणि दावा असलेला तो विस्तीर्ण मुलूख होता. तिथे कोणा एकाचाच अंमल चालत नसे. जून १७५२ मध्ये फ्रेंचांच्या बाजूने लढणाऱ्या तुकडीने पिकाविलनी या मायामी गावावर हल्ला केला, इंग्रजांशी व्यापार करणारा तिथला प्रमुख मेमेस्किया मारला गेला आणि इंग्रज व्यापाऱ्यांचा माल लुटला गेला. ‘सरहद्द’ हा शब्दही चौकी आणि पहारा सुचवतो. म्हणून ‘वसाहतींच्या पलीकडील मुलखात व्यापार करणारा’ असे उलगडून लिहिणे मला योग्य वाटते. शब्द वाढतात, पण चित्र बरोबर उभे राहते.

आता जमिनीकडे वळू. १७४९ साली इरोक्वॉय या मूळ राष्ट्रांच्या संघाच्या सरदारांनी आपल्याला आजच्या पिट्सबर्गच्या परिसरातील सुमारे २ लाख एकर जमीन लिहून दिली, असा क्रोगनचा दावा होता. अशा खताची खरी किंमत इंग्रज सत्तेने ते मान्य करण्यावर अवलंबून होती. आपल्या जुन्या कागदपत्रांच्या भाषेत सांगायचे तर त्याच्या हाती खत होते, सनद नव्हती. जमीन कसायची नव्हती, तिच्यावर राहायचे नव्हते आणि सारा वसूल करण्याची व्यवस्थाही नव्हती. सनद मिळाली की वसाहतवाले येतील, भाव चढेल आणि तुकडे विकता येतील, या अपेक्षेवर सगळा डोलारा उभा होता. म्हणून ‘जमीनदार’ चालत नाही. दलाल दोघांमध्ये उभा राहून दलाली घेतो आणि त्याची स्वतःची जोखीम मर्यादित असते. क्रोगनने मात्र स्वतःचे आणि सावकारांचे सर्वस्व पणाला लावले होते. ‘भूमाफिया’ हा आजच्या शहरांतील दहशत आणि बनावट कागदपत्रे यांच्या संदर्भात घडलेला शब्द आहे. तो अठराव्या शतकावर लादला की, तेव्हा हे व्यवहार गव्हर्नर आणि राजाचे अधिकारी यांच्यासह उघडपणे होत होते, ही महत्त्वाची गोष्ट झाकली जाते.

मला ‘जमिनीचा सट्टेबाज’ हाच शब्द योग्य वाटतो. ‘सट्टा’ला आज जुगाराचा वास येतो हे खरे, पण कापूस, तेलबिया आणि शेअर यांच्या बाजारात त्याचा अर्थ स्पष्ट आहे: माल स्वतःला हवा म्हणून नव्हे, तर पुढे चढणाऱ्या भावाच्या अंदाजावर केलेला सौदा. क्रोगनचे आयुष्य या अर्थाला पुरेपूर उतरते. फ्रेंचांनी ओहायो खोरे व्यापल्यावर तो कर्जात बुडाला आणि १७५५ साली पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने त्याला कर्जासाठी होणाऱ्या अटकेपासून दहा वर्षांचे संरक्षण देणारा कायदा केला. १७५६ पासून तो मूळ राष्ट्रांशी संबंध सांभाळणाऱ्या इंग्रज अधिकारी सर विल्यम जॉन्सन याचा सहायक झाला. म्हणजे जमिनीच्या तहांच्या बैठका घडवणारा अधिकारी आणि त्या तहांतून लाभ घेऊ पाहणारा सट्टेबाज हे दोघे एकच होते. या एका मुद्द्यासाठी ‘गुंतवणूकदार’ हा सौम्य शब्दही मी नाकारतो.

१७६३ च्या शाही घोषणेने खासगी व्यक्तींनी मूळ रहिवाशांकडून जमीन घेण्यास मनाई केली. तरी १७६८ च्या फोर्ट स्टॅनविक्सच्या तहात इरोक्वॉयांनी ओहायोच्या दक्षिणेकडील मोठा प्रदेश सोडून दिला आणि व्यापाऱ्यांच्या नुकसानीपोटी वेगळे क्षेत्रही दिले. त्या प्रदेशात शिकार करणाऱ्या शॉनी लोकांची त्याला संमती नव्हती. ज्यांची जमीन, त्यांनाच न विचारता झालेला हा सौदा होता आणि मराठी चरित्रात हे वाक्य ठळकपणे यायला हवे. पुढे क्रोगनने न्यूयॉर्क वसाहतीत ओत्सेगो सरोवराजवळ १ लाख एकरांची सनद मिळवली, पण ती गहाणात गेली. ओहायोकाठच्या ‘व्हँडालिया’ या नियोजित वसाहतीत बेंजामिन फ्रँकलिनही भागीदार होता. तिच्यावर राजाचा अंतिम शिक्का कधीच उमटला नाही आणि नंतर अमेरिकन क्रांती झाली. १७७९ मध्ये व्हर्जिनियाने मूळ रहिवाशांकडून झालेल्या खासगी खरेद्या रद्दबातल ठरवल्या. ३१ ऑगस्ट १७८२ रोजी फिलाडेल्फियाजवळ क्रोगन वारला, तेव्हा त्याच्या हाती फारसे काही उरले नव्हते.

प्रश्नात नसलेली, पण अनुवादात नक्की आडवी येणारी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. मूळ मजकुरातील ‘इंडियन’ हा शब्द जसाच्या तसा ठेवू नये. १७५७ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या अर्जावर इंग्लंडच्या दोन विधी अधिकाऱ्यांनी असे मत दिले की, मोगल किंवा इतर ‘इंडियन’ राजांकडून मिळालेल्या मुलखासाठी राजाच्या वेगळ्या सनदेची गरज नाही. हे मत आपल्या हिंदुस्थानाविषयी होते. अमेरिकेतील सट्टेबाजांमध्ये त्याची जी नक्कल फिरली, तिच्यात मोगलांचा उल्लेख गाळला होता, आणि ‘इंडियन राजे’ म्हणजे अमेरिकेतील सरदार असा अर्थ लावून १७७३ मध्ये इलिनॉय प्रदेशात मोठ्या खरेद्या झाल्या. त्या खरेद्यांपर्यंत पोहोचणारा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८२३ साली निकालात काढला आणि खासगी खरेदी ग्राह्य धरली नाही. मराठीत म्हणूनच शक्य तिथे लेनापे, शॉनी, मायामी, इरोक्वॉय अशी राष्ट्रांची नावे द्यावीत आणि एकत्रित उल्लेख करायचा असेल तेव्हा ‘मूळ रहिवासी’ म्हणावे. ‘रेड इंडियन’ तर टाळावेच.

एवढे ध्यानात घेऊन चरित्राचे पहिले वाक्य मी असे लिहीन: ‘वसाहतींच्या पलीकडील ओहायो खोऱ्यात कातड्यांचा व्यापार करणारा, मूळ राष्ट्रांशी वाटाघाटी करणारा इंग्रज सरकारचा अधिकारी आणि जमिनीचा सट्टेबाज जॉर्ज क्रोगन.’