रॉकेल मारूनही वाळवी परत का येते?

बाथरूमच्या चौकटीवर मातीची रेघ दिसली, ती खरवडून दोनदा रॉकेल मारलं आणि महिनाभरात वाळवी शेजारच्या कपाटात निघाली, असं तुम्ही लिहिलंय. मीही अगदी हेच केलं होतं. माझं पुस्तकांचं कपाट होतं. बाहेरून पुठ्ठे धड आणि आत नुसती माती.

चौकटीत दिसते ती कामकरी वाळवी, खाणं न्यायला आलेली. राणी जमिनीखाली, कदाचित घराच्या बाहेरच, आणि ती वर्षानुवर्षं अंडी घालत राहते. रॉकेलने समोरची मरते, बाकीची वाट बदलते. वर आग लागायची भीती वेगळीच. व्हिनेगर, कडुनिंबाचं तेल यांनीही फक्त समोरचीच मरते.

मातीची रेघ म्हणजे वाळवीचा झाकलेला रस्ता. ती असेल तर वाळवी जमिनीतून येतेय. माती अजिबात नाही, पण लाकडाखाली वाळूसारखे सहा कडांचे कोरडे दाणे पडतायत, तर ती लाकडातच राहणारी जात. तिथे जमिनीत औषध घालून काही होणार नाही, त्या लाकडावरच उपचार हवा. तुमची पहिली दिसतेय.

आता रेघ साफ करू नका. बोटभर तुकडा तेवढा फोडा. दोन-चार दिवसांत बुजला तर रस्ता चालू आहे. नाही बुजला म्हणून ती गेली असं मात्र समजू नका. दरम्यान बाथरूमची गळती शोधा. या वाळवीला ओल लागतेच, आणि ती तुम्हीच पुरवत असाल तर कुठलंही औषध तोकडं पडेल.

औषधात खरा फरक इथे आहे: बायफेन्थ्रिन, सायपरमेथ्रिनसारखी औषधं वाळवीला जाणवतात, ती तिथून वळते. फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड तिला कळत नाहीत. ती त्यातून फिरते आणि एकमेकींना चाटताना, भरवताना ते पसरवते. घरात भिंत आणि फरशीच्या सांध्यालगत साधारण 12 मिमीची भोकं 30 सेंमी अंतरावर पाडून औषध आत भरतात, मग भोकं बुजवतात. हे स्वतः करू नका. फरशीखाली वायर आणि पाइप असतात. पेस्ट कंट्रोलवाल्याला घटकाचं नाव आणि पाण्यातलं प्रमाण आधीच विचारा, जवळ विहीर किंवा बोअर असेल तर तेही सांगा. नुसता स्कर्टिंगवर फवारा मारून जाणारा असेल तर दारातूनच परत पाठवा.

आमिषाच्या डब्या हाही मार्ग आहे. त्यातल्या हेक्साफ्लुम्युरॉनसारख्या औषधाने वाळवीला कात टाकता येत नाही आणि ती मरते. काम सावकाश, महिने जातात, आणि तोवर डबीच्या आसपास काहीही फवारायचं नाही. फवारलंत तर ती आमिषाकडे फिरकणारच नाही.

चौकट बदलायची झाली तर नव्या लाकडाला रंगाआधी बोरेटचं (बोरॉनच्या क्षाराचं) द्रावण द्या. रंगावरून ते आत मुरत नाही. आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवा, मागे टॉर्च मारता आला पाहिजे.