रिफर्बिश्ड आय७-४७७० घ्यावा की नवीन आय३-१२१००? पैशाच्या मानाने कोणता प्रोसेसर परवडतो?

तुम्ही लिहिलंय की आय७-४७७० चा रिफर्बिश्ड, म्हणजे जुना दुरुस्त करून विकलेला, पीसी १६ हजारांत मिळतोय, नवा आय३-१२१०० असेंबल करायचा तर २७ हजारांपर्यंत जातंय, आणि काम फोटोशॉप-कोरलचं आहे. इथपर्यंत ठीक. पण शेवटी जे टाकलंय ना, ‘बाकी काही म्हणा, आय७ तो आय७च’, त्या एका वाक्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसले. आमच्या दाजींचं हे पेटंट वाक्य आहे.

आय३ घ्या. आता का ते.

बार्शीत माझं फ्लेक्स डिझाइनचं दुकान आहे. वाढदिवस, जयंत्या, भावपूर्ण श्रद्धांजली, ‘भावी सरपंच’, जे येईल ते. दुकान टाकताना थोडं भांडवल दाजींचं होतं, म्हणजे कॉम्प्युटर कोणता यावर शेवटचा शब्दही त्यांचाच. मी आय३-१२१०० चं कोटेशन आणलं होतं. ते वरवर बघून म्हणाले, “आय३? अगं मेव्हणीबाई, आय३ शाळेच्या लॅबमध्ये असतो. धंद्याला आय७ लागतो.” आणि पुण्याहून आय७-४७७० चा एक सेट उचलून आणला. कॅबिनेटवर निळं स्टिकर, आत लाल दिव्याचा पंखा, १६ जीबी रॅम, कीबोर्ड-माउस फुकट. दुकानदाराने सांगितलं होतं, ‘कंपनीच्या ऑफिसातला आहे, जास्त चाललेलाच नाही.’ मी तोंड उघडणार तेवढ्यात ताईने डोळे वटारले. बसले गप्प.

लहानसहान कामात काही जाणवलं नाही. मग ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना फ्लेक्स म्हणजे मोठं पोस्टर वाटतं. हिशोब करून बघा. वीस बाय दहा फुटांची फाइल नुसती ७२ डीपीआयला (इंचाला ७२ ठिपके) धरली तरी १७,२८० गुणिले ८,६४० पिक्सेल होतात, जवळपास १५ कोटी. सीएमवायके या छपाईच्या चार रंगांत एकच भरलेला लेअर (थर) ६०० एमबीच्या घरात जातो. त्यावर पक्षाचे वरपासून खालपर्यंतचे नेते, खाली शुभेच्छुकांची पन्नासएक मुंडकी, प्रत्येकाला सावली, कडेला चकाकी. १६ जीबी रॅम बघता बघता संपते आणि फोटोशॉप उरलेलं सगळं डिस्कवर लिहायला लागतं. आमच्या त्या बोर्डाला एम.२ स्लॉटच (वेगवान एनव्हीएमई एसएसडी बसवायची खाच) नव्हता. जुन्या जोडणीची साटा एसएसडी होती, ती सेकंदाला फार तर ५५० एमबी देते. आजच्या साध्या एनव्हीएमई एसएसडीही त्याच्या पाचसहा पट पळतात.

आणि गिऱ्हाईक शेजारच्या खुर्चीत. “ताई, दादांच्या बाजूला माझा फोटो जरा मोठा घ्या की.” मोठा घेतला की चकती फिरायला लागायची. माणूस चहा पिऊन, बाहेर मावा थुंकून परत यायचा, चकती फिरतेच आहे. एका पॅनेलचं अख्खं काम असंच खुर्चीतून उठून समोरच्या दुकानात गेलं. दाजींना सांगितलं तर म्हणाले, “मशीनला काय धाड भरलीय? आय७ आहे. तूच फायली बोजड करतेस.”

हे मला लागलं. फाइल बोजड कोणी केली? गावातल्या पन्नास जणांना एकाच फ्लेक्सवर मावायचं असतं, ते काय मी ठरवते?

पुढे स्वतःच्या पैशांनी आय३-१२१०० असेंबल करून घेतला. मुद्दाम १६ जीबीच रॅम टाकली, म्हणजे कोणाला बोलायला जागा नको. दिवाळीला दाजी आले तेव्हा दोन्ही मशीन शेजारी ठेवून तीच फाइल उघडली, तोच फिल्टर मारला, सेव्ह केली. आय३ मोकळा होऊन बसला, आय७ अजून घाम पुसत होता. दाजी म्हणाले, “नवा आहे म्हणून पळतोय.” अहो, तेच तर म्हणतेय मी!

आय७ हे नाव २००८ सालच्या ९२० पासून थेट १४७०० पर्यंत चालत आलंय. पहिल्याला चार कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग), शेवटच्याला वीस. नुसतं ‘आय७’ म्हणून काय कळणार? पुढचा आकडा वाचायचा असतो. ४७७० म्हणजे चौथी पिढी, २०१३ चा हॅसवेल. १२१०० म्हणजे बारावी पिढी, २०२२ चा अल्डर लेक. दोघांनाही चार कोअर, आठ थ्रेड, म्हणजे एकावेळी आठ कामांच्या रांगा. टर्बो, म्हणजे जास्तीत जास्त वेग, ३.९ आणि ४.३ गिगाहर्ट्झ. दाजी नेमके इथे पकडतात: “पॉइंट चारच्या फरकाला अकरा हजार?” पण गिगाहर्ट्झ म्हणजे नुसते ठोके. एका ठोक्यात काम किती उरकतं ते त्यात दिसत नाही. हॅसवेल एका ठोक्याला चार सूचना उलगडतो, नवा सहा. पुढच्या सूचना आधीच हाताशी घेऊन, ज्या तयार असतील त्या उरकत जायची जी रांग असते, ती १९२ वरून ५१२ वर गेलीय. प्रत्येक कोअरचा एल२ कॅश, म्हणजे जवळची छोटी मेमरी, २५६ केबीचा सव्वा एमबी झाला. मेमरी डीडीआर३-१६०० ची डीडीआर४-३२०० झाली, म्हणजे तिथेही वेग दुप्पट. सगळं मिळून एका कोअरवर दीडपटीच्या वर आणि सगळे कोअर जुंपले तर दुपटीच्या आसपास फरक पडतो. आपलं फोटोशॉप-कोरलचं बरंचसं काम एकदोन कोअरवरच चालतं, त्यामुळे मला तो पहिला आकडा महत्त्वाचा.

वर २०१८ च्या जानेवारीत मेल्टडाऊन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या त्रुटी निघाल्या, त्यांच्यासाठी जे पॅच आले त्यांचा फटका हॅसवेल आणि त्याआधीच्यांना जास्त बसला. व्हिडिओचं म्हणाल तर ४७७० च्या एचडी ४६०० ग्राफिक्समध्ये एचईव्हीसी या व्हिडिओ फॉरमॅटचा हार्डवेअर डिकोडर (तो उलगडणारा भाग) नाही. गिऱ्हाइकाने आयफोनचा फोरके व्हिडिओ पेनड्राइव्हवर आणला की सगळा भार कोअरवर. १२१०० चं यूएचडी ७३० तो आणि एव्ही१ हा नवा फॉरमॅट दोन्ही सहज चालवतं.

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं. विकणारा म्हणेल, टाकून देतो की ११. देतोही. पण ते आडवाटेने टाकलेलं असतं, पुढचा मोठा अपडेट बसेल याची हमी तो देणार आहे का? विचारून बघा, चेहरा बघण्यासारखा होतो.

पैशाचं म्हणाल तर ४७७० च्या सॉकेटवर (बोर्डावरची प्रोसेसरची जागा) वर चढायला ४७९०के सोडला तर फारसं काही नाही. १२१०० च्या बोर्डावर उद्या सहा कोअरचा आय५-१२४०० बसतो, बायोस अपडेट करून चौदाव्या पिढीपर्यंत जाता येतं. बोर्ड, रॅम, एसएसडी सगळं तसंच राहतं. माझ्या मते २७ हजारांतले निम्मे पैसे पुढच्या मशीनमध्येही कामाला येतात. १६ हजार मात्र गेले ते गेले.

आता थोडं दुसऱ्या बाजूचं. टॅली, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म भरणं एवढंच असेल तर ४७७० ला एसएसडी लावून आरामात चालेल, माझा तो आय७ सध्या बिलं काढतो आणि कुरकुर करत नाही. रिफर्बिश्डच घ्यायचा असेल तर निदान आय५-८५०० वाला घ्या: खरे सहा कोअर, आणि विंडोज ११ रीतसर बसतं. रायझन ५६००जी का नाही, असं कोणी विचारेल. घ्या, चांगला आहे, त्याचे सहा कोअर व्हिडिओ एक्सपोर्टला उपयोगी पडतील. मी व्हिडिओ करत नाही. रॅमचे भाव सध्या चढलेत, त्यामुळे तुमचे २७ हजार थोडे हलतील. तरी ८-८ जीबीच्या दोन स्टिक घ्या, १६ ची एक नको, नाहीतर वर सांगितलेला मेमरीचा वेग निम्म्यावर येतो.

घरात कोणी भांडवल देणारं असेल आणि ते स्टिकर बघून खरेदी करणारं असेल, तर स्टिकर वेगळं मिळतं. ते आणा, कॅबिनेटवर लावा आणि आत आय३ बसवा. हे मला आधी सुचलं असतं तर दाजींशी एवढा वाद झालाच नसता.

बिल करताना १२१०० च्या पुढे ‘एफ’ नाही ना ते बघून घ्या. एफला ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड लावलं नाही तर मॉनिटर काळाच राहील आणि शिव्या मला बसतील.