वाचकांचे प्रश्न : उकिरड्यातली अळी नेमकी कोणाची?

प्रश्न : आमच्या शेणखताच्या खड्ड्यात दरवर्षी बोटाएवढ्या जाड, पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या आणि आकड्यासारख्या वळलेल्या अळ्या निघतात. ही हुमणीच आहे, हे खत उसाला घालू नका, असे शेजारी सांगतात. पावसाळ्यात शेणाचे गोळे ढकलत नेणारे काळे किडे याच अळ्यांचे आईबाप असतात का? (एक शेतकरी, सातारा जिल्हा)

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते निश्चित आहे : नाही. शेण ढकलणाऱ्या किड्याची अळी उकिरड्यात मोकळी सापडत नाही. मादी जमिनीखाली पुरलेल्या शेणाच्या गोळ्यात एक अंडे घालते, अळी तो गोळा आतून खात वाढते, तिथेच कोषावस्थेत जाते आणि भुंगेरा होऊनच बाहेर पडते. या अळीच्या पाठीला ठळक कुबड असते आणि मोकळ्या जमिनीवर हिंडण्यासाठी तिचे शरीर घडलेलेच नसते.

आपल्या खड्ड्यातील अळीचे नाव सांगणे मात्र इतके सोपे नाही, कारण तशा वळलेल्या पांढऱ्या अळ्या एका मोठ्या कुलाच्या अनेक शाखांमध्ये असतात. ढालपंखी कीटकांच्या गणातील स्कॅराबिडी हे ते कुल असून त्यात सुमारे ३०,००० जाती आहेत. हुमणीचा भुंगेरा, नारळावरचा गेंडा भुंगा, फुलांवर बसणारे चकचकीत भुंगेरे आणि शेणकिडे हे सगळे त्यात येतात. त्यांचे नाते अन्नावरून ठरलेले नाही, ते ठरले आहे मिशांवरून : मिशीच्या टोकाला पातळ पात्यांची गुंडी असते, आणि वास घेताना ती पाती पंख्यासारखी उलगडतात. दिव्यावर आलेला हुमणीचा भुंगेरा हातात धरून भिंगातून पाहिल्यास हा पंखा स्पष्ट दिसतो. वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये तर या साऱ्यांना स्कॅराबियस या एकाच प्रजातीत घातले होते, त्यामुळे नारळाचा शेंडा पोखरणारा गेंडा भुंगा तेव्हा स्कॅराबियस ऱ्हायनोसेरॉस होता आणि आपल्याकडच्या शेणाखाली बिळे करणारा मोठा काळा भुंगेरा स्कॅराबियस मोलॉसस. आज पहिल्याला ओरिक्टिस आणि दुसऱ्याला कॅथार्सियस या वेगळ्या प्रजाती मिळाल्या आहेत, आणि त्यांची उपकुलेही वेगळी आहेत. (मराठी जीवशास्त्रात प्रजाती हा वरचा गट आणि जाती हा त्याखालचा, वर्तमानपत्रे ही दोन्ही नावे सर्रास उलटसुलट वापरतात.)

खड्ड्यात सापडणाऱ्या अळ्यांपैकी तीन ओळखता आल्या तरी आपले काम होईल. बादलीतून काढून सपाट फरशीवर सोडलेली अळी उताणी होऊन पाठीवर सरकत चालू लागली, तर ती सिटोनिनी या उपकुलातील, म्हणजे फुलांवरच्या भुंगेऱ्याची आहे. ही चाल इतकी विचित्र आहे की एकदा पाहिलेला माणूस ती विसरत नाही. ही अळी कुजलेला पालापाचोळाच खाते आणि खत बारीक करून देते. अळी खूप मोठी, ६ सेंटीमीटरांच्या पुढची असेल, तर ती बहुधा गेंडा भुंग्याची असते. तीही कुजके पदार्थच खाते, उसाच्या मुळांना तिच्यापासून भय नाही. पण जवळपास नारळाची बाग असेल तर तिला जगू देऊ नये, कारण नुकसान पुढे भुंगा करतो.

हुमणीची अळी पूर्ण वाढल्यावर साधारण ४ ते ५ सेंटीमीटर भरते आणि जिवंत मुळे खाते. भिंग असेल तर शेपटाचे टोक पाहावे : हुमणीच्या उपकुलात गुदद्वाराची चीर बहुधा तीन फाट्यांची असते, तर गेंडा भुंग्याच्या अळीत ती एकच आडवी रेघ असते. शेजाऱ्यांचे म्हणणे मात्र पूर्णपणे उडवून लावता येत नाही. हुमणीच्या लहान अळ्या आरंभी सेंद्रिय पदार्थांवरही जगतात आणि अर्धकच्च्या खताबरोबर शेतात पोहोचतात. म्हणून खत टाकून देऊ नये. ते नीट कुजवावे, वापरण्यापूर्वी उन्हात पातळ पसरावे आणि उरलेले काम कावळ्या-साळुंक्यांवर सोपवावे. खड्ड्यात मेटारायझियम या बुरशीचा वापर केल्यास गेंडा भुंग्याच्या अळ्यांवरही तिचा उपयोग होतो.

प्रश्न : शेणकिडे किती प्रकारचे आहेत, आणि सगळेच गोळे ढकलतात का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : ढकलणारे थोडेच आहेत, डोळ्यांत भरतात म्हणून सगळे तसेच असतील असे वाटते. खरे शेणकिडे ज्यात येतात त्या स्कॅराबिनी उपकुलात ६,००० हून अधिक जाती आहेत. त्यांपैकी ऑन्थोफॅगस या एकट्या प्रजातीत २,००० हून अधिक असून प्राणिसृष्टीतील अतिशय मोठ्या प्रजातींमध्ये तिची गणना होते. हे ऑन्थोफॅगस गोळा कुठेही नेत नाहीत. ते शेणाच्या पोच्या थेट खालीच बीळ खणतात आणि शेण आत ओढून घेतात. गोठ्यामागे पडलेला दोन दिवसांचा पो काडीने उलटला की खाली जी भोके दिसतात, ती बहुतेक यांची असतात. तिसरा प्रकार पोच्या आतच राहून वाढणाऱ्यांचा. ते लहान अफोडिनी वेगळ्याच उपकुलातील आहेत. शिवाय जिओट्रुपिडी नावाचे एक स्वतंत्र कुलही शेण पुरते.

तेव्हा शेणकिडा हे मुळात व्यवसायाचे नाव आहे. आपल्याकडे सुतार आडनावाचा माणूस आज शिक्षक असू शकतो, तसेच या कुलातही घडले आहे : दक्षिण अमेरिकेतील डेल्टोकायलम व्हॅल्गम हा स्कॅराबिनी उपकुलातलाच, पण तो शेण सोडून पैसा किड्यांसारख्या सहस्रपादांची शिकार करतो.

शरीराची घडण पाहिली की वर्गीकरणाचा खरा आनंद कळतो. जिम्नोप्ल्यूरस या ढकलणाऱ्या प्रजातीच्या वरच्या कठीण पंखांना कडेला खाच असते, त्या खाचेतून खालचे पंख बाहेर काढून तो ढाल न उघडताच उडतो. सिसिफसचे मागचे पाय इतके लांब आणि बारीक की प्रथम कोळीच वाटावा. दगड ढकलत राहण्याची शिक्षा मिळालेल्या ग्रीक राजाचे नाव त्याला दिले आहे. आणि प्राचीन इजिप्तने उगवत्या सूर्याशी जोडलेल्या स्कॅराबियस सेसरच्या पुढच्या पायांना तळवेच नसतात.

ऑन्थोफॅगस टॉरसमधील मोठे नर शिंगे लावून बिळाचे दार अडवतात, तर बिनशिंगाचे लहान नर बाजूने चोरवाट खणून मादीपर्यंत पोहोचतात. शिंगे असणे-नसणे अळीपणी किती खाद्य मिळाले यावर पुष्कळ अवलंबून असते, त्यामुळे केवळ शिंगांवरून जात ठरवणे धोक्याचे आहे. जुन्या संग्रहांत एकाच जातीचे नर-मादी दोन वेगळ्या नावांनी ठेवलेले सापडतात, याचे मला नवल वाटत नाही. भारतातील शेणकिड्यांचा विस्तृत आढावा गिल्बर्ट ॲरो यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात या उपकुलाचे नाव कॉप्रिनी असे आहे. जुने संदर्भ पाहताना हे लक्षात असू द्यावे.

प्रश्न : शेणकिडे आकाशगंगा पाहून दिशा ठरवतात, ही बातमी खरी की गंमत? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : खरी आहे. दक्षिण आफ्रिकेत स्कॅराबियस सॅटायरस या जातीवर मारी डाके आणि सहकाऱ्यांनी केलेले हे संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. किड्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या छोट्या टोप्या घालून आकाश झाकले की ते भरकटत. जोहान्सबर्गच्या तारांगणात केवळ आकाशगंगेचा पट्टा दाखवला तरी सरळ जात. पोच्या जवळ गोळा चोरणारे पुष्कळ असतात, म्हणून सरळ रेषेत लवकर दूर जाणे त्यांच्या फायद्याचे असते.

प्रश्न : आमच्या गोठ्याजवळच्या कुरणात पूर्वी पो आठवड्यात नाहीसे होत, आता ते वाळून महिनोन्‌महिने तसेच पडतात. कारण काय असावे? (एक दुग्धव्यावसायिक, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : हा अनुभव उन्हाळ्यातला असेल तर काळजीचे कारण नाही, कारण आपल्याकडचे बहुतेक शेणकिडे पावसाच्या ओलीबरोबर बाहेर पडतात. पावसाळ्यातही असेच होत असेल, तर जनावरांना दिलेल्या जंतनाशकाची चौकशी करावी. आयव्हरमेक्टिनचा मोठा भाग शेणावाटे बाहेर पडतो आणि त्या शेणात वाढणाऱ्या माश्यांच्या व शेणकिड्यांच्या अळ्यांना मारतो.

पो न कुजण्याचा मोठा धडा ऑस्ट्रेलियाने घेतला आहे. १७८८ मध्ये तिथे गुरे पोहोचली, पण स्थानिक शेणकिड्यांना कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांची सवय. गाईच्या ओल्या शेणाला ते पुरे पडेनात, कुरणे पोंखाली झाकली जाऊ लागली आणि माश्या बेसुमार वाढल्या. जॉर्ज बोर्नेमिसा यांच्या पुढाकाराने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून आफ्रिका व युरोपातून निवडक शेणकिडे आणून तिथे सोडावे लागले. आपल्याकडे हे काम करणारे किडे मुळातच आहेत, फक्त त्यांची पिढी मरू देऊ नये.

औषध स्वतःहून बंद करू नका. पशुवैद्यांकडून शेणाची तपासणी करून गरज असलेल्या जनावरांनाच ते द्यावे, सगळा गोठा एकाच दिवशी, तोही पावसाच्या तोंडावर, औषधाखाली आणू नये, आणि उपचार झालेल्या जनावरांचे शेण काही आठवडे कुरणात न पडू देता वेगळ्या खड्ड्यात टाकावे. परिणाम पाहण्यासाठी औषध दिलेल्या आणि न दिलेल्या जनावराचे दोन पो शेजारी ठेवून खालची भोके मोजण्याचा मोह होईल, परंतु प्रौढ किडे औषध असलेले शेण टाळतातच असे नाही, त्यामुळे भोके दोन्हींखाली दिसू शकतील. उणीव जाणवते ती पुढच्या पावसाळ्यात, जेव्हा जमिनीतून बाहेर यायला किडेच उरलेले नसतात.