काकांच्या शेजारी बसून डोळा भरताना

पोरी,

अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. रोपवाटिकेत काकांच्या शेजारी बसून तू डोळे भरायला शिकतेस, म्हणजे संत्र्याच्या काडीवरचा डोळा (कळी) सालीसकट काढून जंबेरीच्या खुंटावर, मुळांसाठी वाढवलेल्या लिंबाच्या जातीच्या रोपावर, सालीत बसवून पट्टीनं बांधायला. दुपारपर्यंत काकांनी किती डोळे भरले, तुझे किती झाले, त्यांचे किती हिरवे राहिले, तुझे किती काळे पडले, सगळं त्यात आहे. मेलेल्या डोळ्याची पट्टी सोडल्यावर आत काय दिसलं, हे मात्र कुठंच नाही. तुलना सोडून दे, असं मी म्हणणार नाही. एवढ्या तयार हाताशेजारी दिवसभर बसलं की ती मनात येणारच. फक्त ती तुझी आणि काकांची करू नकोस. त्यांच्या डोळ्याची आणि तुझ्या डोळ्याची कर. त्यातून काहीतरी हाती लागतं.

आधी काकांचा वेग येतो कुठून ते बघ. तू त्यांचा चाकू बघत बसतेस, आणि निम्मं काम तर चाकू उघडण्याआधीच झालेलं असतं. ज्या ओळीत डोळे भरायचे तिला दोन-तीन दिवस आधी पाणी दिलेलं असतं, कारण ताणावर असलेल्या जंबेरीची साल लाकडापासून सुटत नाही. सकाळी ते एखाद्या खुंटावर छोटी चीर देऊन साल उचलून बघतात. ओलसर, गुळगुळीत सुटली तरच ओळ धरतात. चिकटून फाटली तर दुसरीकडे वळतात. डोळाकाडी, म्हणजे जिच्यावरचे डोळे काढायचे ती संत्र्याची काडी, त्याच सकाळी कापून, पानं छाटून, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेली असते. आणि ओळीतून पुढे सरकताना ते कित्येक खुंट नुसते ओलांडून जातात. पेन्सिलीपेक्षा बारीक, वाकडा, बुडाशी डिंक आलेला, किंवा शेजाऱ्यांपेक्षा भलताच उंच वा खुरटा. जंबेरीच्या एका बियातून बहुधा एकापेक्षा जास्त रोपं निघतात. त्यातली बरीचशी आईच्याच गुणाची असतात, काही मात्र परागीभवनातून आलेली, वेगळ्या गुणाची. ओळीत विचित्र दिसणारं रोप बरेचदा त्यातलं असतं, ते आधीच काढून टाकायचं असतं. तू मात्र इमानदारीनं प्रत्येक खुंटावर डोळा भरतेस. काकांच्या जगलेल्या कलमांत त्यांनी न भरलेल्या खुंटांचाही वाटा आहे. तो आकड्यात दिसत नाही.

म्हणून पहिले आठ दिवस त्यांचा चाकू बघू नकोस, त्यांनी काय सोडलं ते बघ. सोडलेल्या खुंटाला सुतळीचा तुकडा बांध आणि जेवणाच्या सुट्टीत विचार, "हा काहून सोडला?" भराभर कसं करता, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नाही. हात काय करतो हे तयार माणसाला शब्दांत सांगता येईलच असं नाही. खुंट का सोडला, ते मात्र ते लगेच सांगतील.

डोळाकाडीचंही तसंच. काडी निवडायला ते मातृवृक्षाकडे, म्हणजे ज्याच्या काड्या घ्यायच्या त्या झाडाकडे, जातात तेव्हा मागे जा. गोल, भरलेली, मागच्या बहरातली फूट हवी. कोनदार, कोवळी, काटेरी, सरळ वर धावणारी फूट नको. पान कापताना देठाचा अर्धा सेंटिमीटर तुकडा काडीवरच ठेवायचा, पुढे तो दोनदा उपयोगी पडतो. झाड कोणतं आहे याची खात्री नसेल तर त्याची काडी वापरूच नये. आपल्या नागपूरच्या अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत रोगमुक्त मातृवृक्षांवर एवढी मेहनत घेतात ती उगाच नाही. काडीत विषाणू असेल तर तू डोळा कितीही सफाईनं भर, कलमासोबत रोगच शेतकऱ्याच्या बागेत जातो, आणि ते कळायला कधी कधी काही वर्षं लागतात.

आता हात. तू पूर्ण काम एका दमात काकांसारखं करायला जातेस आणि तिथंच फसतेस. त्याचे तुकडे कर.

डोळा काढणं वेगळं शिक, तेही छाटलेल्या टाकाऊ फांद्यांवर. डोळ्याच्या साधारण एक सेंटिमीटर खालून चाकू घाल, सालीखाली पातळ लाकूड घेत डोळ्याच्या वर एक सेंटिमीटरपर्यंत ने. ढालीच्या आकाराचा दोन-अडीच सेंटिमीटरचा तुकडा एकाच ओढीत सुटला पाहिजे. मागून बघितलं तर काप सपाट, चकचकीत दिसावा. पायऱ्या दिसल्या तर तू चाकू करवतीसारखा पुढेमागे केलास. डोळ्याच्या मागे खड्डा दिसला तर चाकू फार वर धरला आणि डोळ्याचं मूळच निघून गेलं. असा डोळा बांधून फायदा नाही, साल हिरवी राहील आणि फुटणार काहीच नाही. रोज सकाळी पंचवीस डोळे नुसते काढ, उलटे करून फळीवर मांड आणि बघ. बांधू नकोस.

दुसरा तुकडा चिरेचा. मातीपासून तेवीस ते पंचवीस सेंटिमीटर उंचीवर, गुळगुळीत जागी, आडवी चीर एक-सव्वा सेंटिमीटर आणि तिच्या मधून खाली अडीच-तीन सेंटिमीटर उभी. ही उंची काकांच्या सवयीची नाही, आपल्याकडच्या जमिनीची आहे. भारी काळ्या मातीत पाणी साचतं, आणि त्या ओलीत फायटोफ्थोरा बुरशी बुंध्यावर चढते. जंबेरी ती थोडीफार सोसते, संत्र्याची साल सोसत नाही. जोड मातीजवळ आला की डिंक्या, म्हणजे बुंध्यातून डिंक गळायचा रोग, ठरलेला. अंदाजावर जाऊ नकोस, तेवढ्या लांबीची काडी कापून कमरेला खोचून ठेव. चीर फक्त सालीपुरती द्यायची. चाकू लाकडावर कुरकुरला तर जोर जास्त झाला.

तिसरा तुकडा बसवणं आणि बांधणं. डोळा देठाच्या तुकड्याला धरायचा, कापलेल्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही. घामेजलं बोट लागलं किंवा बोलत बोलत तो हवेत राहिला की पेशींचा वरचा थर वाळतो, आणि सालीला चिकटायचं काम त्याच थराचं असतं. वरून खाली सरकवायचा, वरचा जास्तीचा भाग आडव्या चिरेवर कापायचा, म्हणजे दोन्ही साली टोकाला टोक भिडतात. पट्टी खालून वर, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढलेला. उलटं बांधलं तर पाणी वेढ्यांच्या फटीत उतरतं. बांधून झाल्यावर अंगठ्यानं डोळा हलका ढकलून बघ. सरकला तर पट्टी सोड आणि पुन्हा बांध.

वेगाचा विचार या हंगामात करूच नकोस. सकाळी पन्नास डोळे भर आणि थांब. तेवीस सेंटिमीटर उंचीवर काम म्हणजे दिवसभर वाकणं. दुपारनंतर मनगट दमतं, काप वाकडे होतात, आणि तू तेच वाकडे काप सरावात पक्के करत असतेस. काका दुपारीही सरळ कापतात कारण त्यांचा जोर चाकूच्या धारेवर आहे, मनगटावर नाही. त्यांचा चाकू घेऊन बघ (विचारून घे, आपला चाकू कोणाला दिलेला कारागिराला आवडत नाही). पातं एकाच बाजूनं घासलेलं दिसेल. तू डावखुरी असशील तर हीच अडचण असेल, उजव्या हाताचा चाकू डाव्या हातात लाकडात शिरतो. तुला विरुद्ध बाजूनं धार केलेलं पातं लागेल आणि काकांची नक्कल आरशात करावी लागेल. कोणी हे सांगितलं नाही म्हणून कित्येक हुशार मुलं स्वतःलाच अनाडी ठरवून मोकळी होतात.

आता तुलनेचं. काकांना विनंती कर की एका ओळीत, एकाच सकाळी, एकाच काडीगठ्ठ्यातून, एक खुंट त्यांनी आणि पुढचा तू, अशी पन्नास झाडं करू या. पंचवीस त्यांची, पंचवीस तुझी. तुझ्या खुंटांना लाल दोरा, त्यांच्या खुंटांना पांढरा. वहीत तारीख, काडी कोणत्या झाडाची, सकाळ की ऊन चढल्यावर, एवढंच लिही. तीन आठवड्यांनी उघडून बघ. डिसेंबरात रात्रीचा पारा फार उतरला असेल तर आणखी आठवडा थांब. साधारण बारा-तेरा अंशांखाली संत्रा-लिंबाची वाढ जवळजवळ थांबते, त्या थंडीत जोडही हळूच भरतो. देठाच्या तुकड्याला बोट लाव. अलगद गळून पडला तर डोळा जिवंत. वाळून घट्ट चिकटला असेल तर गेला.

दोघांचेही बरेच मेले असतील तर दोष काडीचा, पाण्याचा किंवा खुंटाचा. तुझ्या हाताला बोल लावायचं कारण नाही. त्यांचे जगले आणि तुझे मेले असतील तर दोष हातात आहे, आणि तो कुठला ते तुझे मेलेले डोळेच सांगतील. प्रत्येक मेलेला डोळा उचकटून बघ. ढाल पूर्ण काळी, ओलसर, कुजका वास असेल तर पाणी आत शिरलं किंवा चाकू घाण होता. सगळी वाळून तपकिरी, कोरडी असेल तर पट्टी सैल होती, नाहीतर बसवायला वेळ लागला. कडा चिकटलेल्या आणि मध्ये पोकळी असेल तर काप सपाट नव्हता. ढाल हिरवी, चिकटलेली, फक्त डोळा काळा असेल तर काढताना मूळ गेलं किंवा बांधताना डोळ्याचं टोक चेपलं. या चार ओळी वहीच्या पहिल्या पानावर उतरव आणि प्रत्येक मेलेल्या डोळ्यापुढे त्यातलं एक कारण लिही.

मग काकांकडे "मला जमत नाही" घेऊन जायचं नाही, मेलेले दोन डोळे तळहातावर घेऊन जायचं. पहिल्या वाक्यावर ते "जमंल, जमंल" म्हणतील आणि कामाला लागतील, दुसरं काय म्हणणार? डोळा हातात दिला तर ते तो उन्हाकडे धरून बघतील. तिथून पुढं जे बोलतील ते लिहून घे. पुढच्या पन्नासात एकच गोष्ट बदल. पट्टी, काप आणि वेळ तिन्ही एकदम बदललं तर सुधारलं कशानं ते कळत नाही. आणि आकडा ताडायचा तो तुझ्याच मागच्या पंचविसाशी. नऊ जगले होते, आता तेरा जगले, तर चार कुठून आले ते शोध.

एक नाजूक गोष्ट. काकांचं सगळंच उचलू नकोस. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना ते चाकू धोतराला पुसतात असं तू लिहिलंस. कागदी लिंबू, मोसंबी, संत्रा अशा वेगवेगळ्या मातृवृक्षांच्या काड्या कापताना तेवढ्यानं भागत नाही. एक्सोकॉर्टिस नावाचा विकार चाकूच्या पात्यावरून एका झाडातून दुसऱ्यात जातो, आणि तो नुसत्या पुसण्यानं निघत नाही. डबीत सोडियम हायपोक्लोराइटचं एक टक्क्याचं द्रावण ठेव, मातृवृक्ष बदलला की पातं त्यात बुडव, मग पाण्यानं धुऊन पूस, नाहीतर पातं गंजतं. हे काकांना शिकवायला जाऊ नकोस. तू तुझ्यापुरतं कर. त्यांनी विचारलं तर सांग. इतकी वर्षं त्यांचं काय बिघडलं, असं ते म्हणतील. त्यावर वाद घालू नकोस, डबी मात्र चालू ठेव. ज्याच्याकडून हात शिकायचा त्याच्याकडून प्रत्येक सवय घ्यावी लागत नाही, आणि एखादी घेतली नाही म्हणून त्याचा मान कमी होत नाही.

डोळा जगला की तुझं काम संपलं असंही नाही, आणि इथं नवखी माणसं जुन्यांपेक्षा सरस ठरतात, कारण इथं वेगापेक्षा लक्ष लागतं. पट्टी वेळेवर सोड, नाहीतर ती खोडात रुतते आणि वरचा भाग गळा आवळल्यासारखा फुगतो. डोळ्याच्या वर चार बोटांवर खुंट अर्धा कापून विरुद्ध बाजूला वाकव. डोळा फुटेपर्यंत जंबेरीची पानं मुळांना पोसत राहतील. संत्र्याची फूट वीतभर झाली की वाकवलेला भाग डोळ्याच्या थोडं वर तिरपा कापून टाक, उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला ठेव. खालून येणारे जंबेरीचे फुटवे दर आठवड्याला बोटानं खुडायचे. राहिले तर तेच जोर धरतात, आणि जून-जुलैत शेतकरी रोपं न्यायला येतो तेव्हा संत्र्याच्या नावानं जंबेरी घेऊन जातो. मोठ्या रोपवाटिकांत नेमकं हेच काम राहून जातं. काकांना एवढ्या ओळी बघायला वेळ नसतो. लाल दोऱ्याच्या तुझ्या ओळींबरोबर पांढऱ्या दोऱ्याच्याही खुडून टाक.

या आठवड्यात एवढंच कर: बाराशे ग्रिटचा सपाट दगड घेऊन ये. रात्री चाकूला धार कर आणि सकाळी वहीच्या कागदाची कड उभी कापून बघ. अडखळली तर त्या दिवशी डोळा भरू नकोस, आधी धार. लाल-पांढऱ्या दोऱ्याची ओळ लावलीस की तारीख कळव. पट्टी सोडशील त्या दिवशी मेलेले डोळे कागदावर मांडून फोटो पाठव, मागची बाजू वर करून.

तुझे,
आबा