एकेकटा बोलतो, पाचही जोडले की मुके

प्रश्न : वणीजवळ आमची जिनिंग आहे. पाच मोटरींना प्रोटेक्शन रिले (मोटर जळू नये म्हणून ती बंद करणारे) बसवले. एकच जोडला तर कॉम्प्युटरवर करंट दिसतो, पाचही एका वायरवर घेतले की सगळे गप्प. रिले खराब निघाले का?

उत्तर : रिले ठणठणीत आहेत, भाऊ. कारखान्यातून ते बहुतेक वेळा १ हाच पत्ता घेऊन येतात. एका नावानं हाक मारली अन् पाच जण सोबतच ओ देतात, मग काय ऐकू येणार? एकेक रिले सुटा जोडून १ ते ५ पत्ते द्या. मॉडबसमध्ये, म्हणजे रिले अन् कॉम्प्युटर ज्या भाषेत बोलतात तिच्यात, पत्ते २४७ पर्यंत चालतात. काही रिले बंद-चालू केल्याशिवाय नवा पत्ता घेत नाहीत, म्हणून हे काम रेचे (सरकी काढायची यंत्रं) बंद असतानाच करा.

मग बॉड रेट (बोलण्याचा वेग) आणि पॅरिटी (चूक ओळखायची खूण). दोन्ही सगळीकडे सारखे हवेत, कॉम्प्युटरवरही. हिंगणघाटकडे एका जिनिंगमध्ये मी अख्खी रात्र वायरी उकलत बसलो होतो, अंगावर रुईचा थर. पहाटे कळलं, एका रिलेत पॅरिटी ‘इव्हन’ (सम) होती, बाकीच्यांत ‘नन’ (नाहीच). ‘नन’ ठेवलं तर मॉडबसच्या नियमानं स्टॉप बिट (प्रत्येक अक्षराच्या शेवटची खूण) २ लागतात, हेही पाहून घ्या.

वायर एकातून दुसऱ्यात अशी ओळीनं न्या, फांद्या फोडू नका. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर. एवढं करूनही गप्पच असतील तर ए आणि बी खुणेच्या दोन वायरींची अदलाबदल करून पाहा, या खुणांची अक्षरं सगळ्या कंपन्यांत जुळत नाहीत.